परदेशी शिक्षणाचा खुला हिशेब

कापसाच्या आणि तुरीच्या उत्पन्नावर ज्या घरांचा वर्षाचा ताळेबंद बसतो किंवा बिघडतो, अशा घरांच्या आपल्या वर्धा जिल्ह्यात परदेशी शिकावयास जाण्याचा विचार आता केवळ मोठ्या पेढीच्या अथवा मोठ्या हुद्द्याच्या कुटुंबांपुरता राहिलेला नाही. हिंगणघाट, आर्वी, देवळी येथील शिक्षकांची, पुलगावच्या दारूगोळा भांडारातील कर्मचाऱ्यांची आणि चार-सहा एकर कोरडवाहू जमीन कसणाऱ्या कास्तकारांची मुलेमुलीही नागपूर विद्यापीठाची पदवी हाती घेऊन जर्मनी, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका ह्या देशांकडे पाहू लागली आहेत, ही गोष्ट मला मनापासून आनंदाची वाटते. परंतु ह्या आनंदाबरोबर एक काळजीही वाटते, आणि तिच्यासाठीच हा लेख लिहीत आहे. परदेशी गेलेला विद्यार्थी थंडीने, परक्या अन्नाने किंवा परीक्षेतील एखाद्या अपयशाने जितका खचत नाही, तितका तो ‘हे आता घरी कसे सांगू’ ह्या विवंचनेने खचतो. कारण त्याच्या पाठीमागे घर गहाण पडलेले असते, नातेवाइकांत बोलबाला झालेला असतो, आणि खरे सांगण्याची वाट त्याच्यापुरती कोणी मोकळी ठेवलेली नसते. म्हणून पुढील सर्व सल्ल्याचे सूत्र एकच आहे, ते असे की पैशाचा, अभ्यासाचा आणि प्रकृतीचा हिशेब घर आणि विद्यार्थी ह्यांच्यामध्ये पहिल्या दिवसापासून खुला असावा, आणि जाण्याची तयारीच अशा रीतीने व्हावी की तिकडून खरे लिहिणे व बोलणे मुलाला जड जाऊ नये.

आरंभ उद्देशापासून करावा. ज्यांनी जून १९४७ मध्ये आपल्याच सेवाग्रामात देह ठेवला ते धर्मानंद कोसंबी मूळचे गोव्यातील साखवाळचे. पुणे व काशी येथे संस्कृताचे अध्ययन करून, बौद्ध धर्माचे आणि पालीचे जे ज्ञान त्यांना हवे होते ते देणारा गुरू येथे मिळत नाही अशी खात्री पटल्यावर ते १९०२ मध्ये सिंहलद्वीपात गेले आणि विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली शिकले. पुढे ह्याच विद्येच्या बळावर हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना अमेरिकेत पाचारण केले. कोणता देश व्हिसा सुलभतेने देतो हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. जे शिकायचे आहे ते कोठे आणि कोणापाशी आहे, हाच प्रश्न होता. आपल्या मुलानेही अर्ज करण्यापूर्वी एका कागदावर, मराठीत, आठ-दहा ओळींत लिहावे की मला अमुक विषय शिकायचा आहे, तो येथे ह्या कारणाने नीट शिकता येत नाही, तिकडील अभ्यासक्रमात अमुक विषय आहेत, ते शिकविणारे अध्यापक हे, आणि पदवीनंतर ह्या ज्ञानाचा उपयोग मी असा करीन. आणि तो कागद आई-वडिलांना वाचून दाखवावा. ज्याला ह्या ओळी लिहिता येत नाहीत त्याने एक वर्ष थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. विनामूल्य सल्ला देणाऱ्या मध्यस्थांविषयी येथेच एक गोष्ट ध्यानात घ्यावी: त्यांना मेहनताना बहुधा ती परदेशी संस्थाच देते, तेव्हा कोणत्या संस्था त्यांच्या यादीत आहेत ह्यापेक्षा कोणत्या नाहीत ह्याची चौकशी अधिक उपयुक्त ठरते.

वैद्यकीय शिक्षणाकरिता रशियाकडील किंवा मध्य आशियातील देशांत जाणाऱ्यांनी तर ही चौकशी दुप्पट काटेकोरपणे करावी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या विनियमांनुसार परदेशातील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा, आणि त्यानंतर त्याच संस्थेत १२ महिन्यांची उमेदवारी असलेला असावा लागतो, सर्व शिक्षण प्रवेशापासून १० वर्षांच्या मुदतीत पुरे व्हावे लागते, आणि शिवाय येथे परतल्यावर पुन्हा १२ महिन्यांची देखरेखीखालील उमेदवारी करावी लागते; ‘नीट’ परीक्षेची पात्रता तर जाण्यापूर्वीच हवी. ह्यांपैकी एक अट जरी सुटली तरी सहा वर्षांचे कष्ट आणि बापाचा पैसा दोन्ही अधांतरी राहतात. सेवाग्राम आणि सावंगी येथे दोन वैद्यकीय महाविद्यालये असलेल्या आपल्या जिल्ह्यात ह्या नियमांची माहिती असणारी माणसे शोधावी लागत नाहीत, त्यांना विचारावे.

आता पैशाचा विषय घेतो, आणि त्यावर थोडे अधिक रेंगाळतो, कारण घराची झोप तेथेच उडते. साधारण पद्धत अशी की साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास बँका तारण मागत नाहीत. त्यापुढील रकमेस मागतात, आणि परदेशी शिक्षणाच्या खर्चाचा सुमारे १५ टक्के हिस्सा कर्जदाराने स्वतः घालावा अशी अपेक्षा ठेवतात. येथे आपल्या कास्तकारांची पहिली निराशा होते, कारण सातबाऱ्यावरची शेतजमीन शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून बँका सहसा स्वीकारीत नाहीत. त्यांना अकृषक झालेला भूखंड अथवा निर्वेध मालकीचे घर हवे असते, आणि गावठाणातील ज्या घराची नोंद केवळ ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये आहे त्याच्याविषयी त्या साशंक असतात. शिवाय आजोबा वारल्यानंतर वारसांची नोंद झालेली नसणे, फेरफार प्रलंबित असणे, लग्न होऊन गेलेल्या आत्यांचा हिस्सा कागदावर कायम असणे, ह्या गोष्टी कर्जाचा अर्ज दिल्यावर उघडकीस येतात आणि मग प्रवेशाची मुदत टळते. म्हणून ज्या वर्षी जायचे त्याच्या आदल्या दिवाळीपूर्वीच पटवाऱ्याकडे आणि नगरपरिषदेत जाऊन कागदांची रुजुवात करून घ्यावी, आणि ज्या नातेवाइकांची संमती लागणार आहे त्यांना घरी बोलावून, किती रक्कम, कशासाठी, किती वर्षांसाठी, हे सर्व उघडपणे सांगावे; आत्याची सही गोड बोलून घेणे आणि तिला समजावून घेणे ह्यांत जे अंतर आहे ते पुढे दहा वर्षे घराला जाणवते.

कर्ज किती घ्यावे ह्याचीही एक कसोटी सांगतो. समजा २० लाख रुपये १० टक्के व्याजाने घेतले. परतफेड बहुधा शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू होते, पण व्याज मात्र रक्कम उचलल्या दिवसापासून चालू राहते. दोन वर्षांचे शिक्षण आणि पुढील एक वर्ष मिळून सरळ व्याजच ६ लाखांच्या जवळपास साचते, आणि ते कोणी मध्ये भरले नाही तर २६ लाखांची परतफेड १० वर्षांत करावयाची म्हटल्यास महिन्याचा हप्ता सुमारे ३४ हजार रुपये होतो. आता प्रश्न असा विचारावा: मुलाला तिकडे नोकरी लागली नाही आणि तो परत येऊन नागपुरात नोकरीला लागला, तर हा हप्ता हे घर सोसू शकेल काय? परदेशी पगाराचा आकडा मनात धरून कर्ज घेऊ नये. नागपूरच्या पगाराचा आकडा धरून घ्यावे. ज्यांना शक्य आहे त्यांनी शिक्षण चालू असतानाच व्याज भरीत जावे, आणि भरलेल्या व्याजावर प्राप्तिकर कायद्यानुसार मिळणारी वजावट घ्यावी.

वर्ध्याच्या मगनवाडीत बसून ज्यांनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचा व्याप सांभाळला ते जे. सी. कुमारप्पा लंडनमध्ये हिशेबतपासनीसाची विद्या शिकलेले आणि पुढे अमेरिकेत सिरॅक्यूज व कोलंबिया येथे शिकलेले गृहस्थ होते. प्रत्येक विद्यार्थ्याने त्यांच्या त्या मूळ विद्येचा धडा घ्यावा: जाण्यापूर्वी दोन स्तंभांचे अंदाजपत्रक करावे, एका स्तंभात तिकडील चलन आणि दुसऱ्यात रुपये, आणि त्यात शिक्षणशुल्काबरोबरच व्हिसाचे शुल्क, आरोग्याचा विमा, तिकीट, खोलीची अनामत, पहिल्या महिन्याची भांडीकुंडी व गरम कपडे हेही धरावे. इंग्लंडमध्ये विद्यार्थ्याकडून आरोग्यसेवेचा अधिभारच वर्षाला ७७६ पौंड घेतला जातो. जर्मनीत एका वर्षाच्या निर्वाहाचे ११,९०४ युरो एका बंद खात्यात आधीच ठेवावे लागतात आणि त्यांतून महिन्याला ९९२ एवढेच काढता येतात. हे आकडे बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी त्या त्या वकिलातीच्या सूचना पुन्हा वाचाव्यात.

कर्जापूर्वी शिष्यवृत्तीचा विचार व्हावा. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि ज्या सेलिग्मन ह्या अर्थशास्त्रज्ञाजवळ पुढे कुमारप्पाही शिकले त्यांच्याच हाताखाली त्यांनी अध्ययन केले. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची सेवा करावी असा करारनामा त्यांनी लिहून दिला होता. विदेशातील वसतिगृहात ज्याला सुखाने राहता आले त्याला १९१७ मध्ये बडोद्यात जातीमुळे राहण्यास जागा मिळाली नाही, ही आपल्या समाजाची लाज आहे आणि ती विसरता कामा नये. राहिलेले अध्ययन पुरे करण्यासाठी १९२० मध्ये ते लंडनला गेले ते स्वतःची बचत, शाहू छत्रपतींचे साहाय्य आणि नवल भथेना ह्या मित्राने दिलेले कर्ज ह्यांवर. आज त्याच शाहू छत्रपतींच्या नावाने राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना दिली जाते, तिच्यात ७५ जागा आहेत. केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १२५ जागांची असून तिला ६० टक्के गुण, ३५ वर्षांखालील वय आणि वार्षिक ८ लाखांपर्यंतचे कौटुंबिक उत्पन्न ह्या अटी आहेत. इतर मागासवर्ग, भटक्या व विमुक्त जाती आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या त्या त्या विभागांच्या वेगळ्या योजना आहेत. अर्जाची मुदत थोडी असते आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र ह्यांना वेळ लागतो, म्हणून जाहिरात निघण्याची वाट न पाहता हे दाखले आधीच दप्तरी असावेत. करारनाम्यातील प्रत्येक अट, विशेषतः अभ्यासक्रम बदलण्याविषयीची आणि परत येण्याविषयीची, घरातील सर्वांनी वाचावी.

एका गोष्टीविषयी मात्र कठोर शब्दांतच लिहिले पाहिजे. पुरेसा पैसा खात्यात दाखविण्यासाठी काही मध्यस्थ थोड्या दिवसांकरिता रक्कम खात्यात भरून देतात, अनुभवाचे खोटे दाखले मिळवून देतात, निबंध दुसऱ्याकडून लिहवून आणतात. इंग्लंडमध्ये निर्वाहाची रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते व ती कोठून आली हे विचारले जाऊ शकते. फसवणूक सिद्ध झाल्यास तेथील दार १० वर्षे बंद होऊ शकते, आणि अमेरिकेत तर अशी लबाडी कायमच्या अपात्रतेस कारण होते. पण कायद्याचे भय बाजूला ठेवले तरीही, खोट्या कागदावर निघालेला मुलगा तिकडे कोणत्याही अडचणीत मदत मागू शकत नाही. प्रत्येक कार्यालयाच्या दारात त्याचे पाय अडखळतात. हे ओझे त्याच्या पाठीवर देऊ नये.

कागदांमध्ये आपल्याकडे सर्वाधिक घोटाळा होतो तो नावांचा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आणि आईचे नाव निराळे, अशी रचना असते. पासपोर्टवर मात्र आडनाव आणि दिलेले नाव असे दोनच रकाने असतात. आडनावाचा रकाना रिकामा राहिला तर अमेरिकेच्या व्हिसावर पहिले नाव अज्ञात असल्याचा शेरा पडतो आणि मग तिकडे बँक, विद्यापीठ, विमा अशा प्रत्येक ठिकाणी त्या शेऱ्याशी झगडावे लागते. शाळेच्या दाखल्यावरील, आधारपत्रावरील आणि पदवीवरील इंग्रजी वर्तनी एकसारखी आहे का, वडिलांचे नाव एके ठिकाणी पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षराने तर नाही ना, विवाहित मुलीचे नाव कोणत्या कागदावर माहेरचे आणि कोणत्यावर सासरचे आहे, हे सर्व एका तक्त्यात मांडून पाहावे आणि जेथे तफावत आहे तेथे प्रतिज्ञापत्र अथवा राजपत्रातील प्रसिद्धी ह्यांनी ती दूर करावी. वर्धा जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत येतो. पोलिसांच्या पडताळणीच्या वेळी प्रत्यक्ष वास्तव्याचा पत्ता आणि अर्जातील पत्ता एकच असावा, नाहीतर अमरावतीला शिकणाऱ्या मुलाची पडताळणी सेलूत अडकून बसते. विद्यापीठाकडून सर्व सत्रांच्या गुणांचे उतारे मोहोरबंद लिफाफ्यांत चार-पाच संच आधीच घ्यावेत, कारण सातासमुद्रापलीकडून ते मागविणे म्हणजे घरच्यांना वारंवार नागपूरच्या फेऱ्या घालायला लावणे होय. जर्मनीला जाणाऱ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून शैक्षणिक कागदांच्या तपासणीचे एपीएस प्रमाणपत्र लागते. काही देश राज्य शासनाचे साक्षांकन आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का मागतात. आंबेडकरांनी १९१७ मध्ये वेगळ्या जहाजाने पाठविलेली पुस्तके ते जहाज पाणतीराने बुडविल्यामुळे समुद्रतळी गेली. आज कागदाची नक्कल करणे सोपे आहे, म्हणून प्रत्येक दस्तऐवजाची एक प्रत घरी, एक स्वतःजवळ, आणि एक संगणकावर सुरक्षित असावी. बँक, जमीन, भाडे ह्यांसाठी वडिलांच्या अथवा आईच्या नावाने मर्यादित अधिकाराचे मुखत्यारपत्र जाण्यापूर्वीच नोंदवून ठेवावे.

निघण्यापूर्वी वर्धेकरांना एक संधी आहे जी फार थोड्या जिल्ह्यांना लाभली आहे. आपल्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात परदेशी विद्यार्थी हिंदी शिकावयास येतात, आणि त्यांच्या वसतिगृहाला फादर कामिल बुल्के ह्यांचे नाव आहे. बेल्जियममधून १९३५ मध्ये भारतात आलेल्या ह्या धर्मगुरूने अलाहाबाद विद्यापीठात रामकथेवर प्रबंध लिहिला आणि पुढे इंग्रजी-हिंदी कोश रचला. परक्या भूमीत रुजण्याचे त्याहून उत्तम उदाहरण मला ठाऊक नाही. त्या विश्वविद्यालयात जावे, तेथील विद्यार्थ्यांशी ओळख करून घ्यावी, आणि त्यांना विचारावे की वर्ध्यात पहिल्या महिन्यात काय कठीण गेले, मे महिन्याच्या उन्हात कसे राहिलात, दुकानदाराचे बोलणे कळले नाही तेव्हा काय केलेत, कोणाच्या कोणत्या छोट्या मदतीने बरे वाटले. ह्या प्रश्नांची उत्तरे पुढे शब्दशः उपयोगी पडतील. त्यांना एका रविवारी घरी जेवावयास बोलवावे; मग तिकडे कोणी बोलावले तर कसे जावे हेही मुलाला कळेल.

सामानाविषयी मोजकेच सांगतो. सेवाग्रामला पुढे ज्यांनी आपले घर मानले त्या गांधीजींनी विद्यार्थिदशेत इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरताना पांढरे फ्लॅनेलचे कपडे घातले होते. सप्टेंबर संपत आलेला, तसे कपडे घातलेले ते एकटेच, सामान एजंटाच्या ताब्यात आणि दुसरा दिवस रविवार, म्हणून त्यांना तसेच वावरावे लागले, हे त्यांनीच आत्मचरित्रात लिहिले आहे. तेव्हा एक गरम कपड्याचा जोड, औषधे, सर्व मूळ कागद आणि आठ दिवसांपुरते पैसे हे हातातील पिशवीतच असावेत. चष्म्याचा एक जोड जास्त घ्यावा, आणि दातांचे जे काही करावयाचे असेल ते सावंगीला किंवा वर्ध्यातच उरकून घ्यावे, कारण तिकडे दंतोपचार विम्यात बहुधा बसत नाहीत आणि महाग असतात. इंग्लंडला सहा महिन्यांहून अधिक काळ जाणाऱ्यास क्षयाच्या तपासणीचा दाखला लागतो. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे गोवर, गालगुंड व रुबेला ह्यांच्या लसींची नोंद मागतात. अमेरिकेत विजेचा दाब ११० ते १२० व्होल्ट असल्यामुळे येथील मिक्सर तेथे चालणार नाही. कुकर मात्र अवश्य न्यावा. वायगावची हळद आणि घरचे तिखट छापील, बंद पाकिटांतून न्यावे. पेढे, खवा, तूप हे इंग्लंडमध्ये व युरोपात प्रवाशाला नेता येत नाहीत; ऑस्ट्रेलियात व न्यूझीलंडमध्ये तर गोरसपाक बिस्किटांचा पुडाही प्रवेशपत्रावर लिहून जाहीर करावा लागतो. जाहीर केलेली वस्तू फार तर ते काढून घेतात. लपविलेल्या वस्तूबद्दल दंड होतो.

राहण्याच्या जागेकडे आपले लोक शेवटी लक्ष देतात, आणि माझ्या मते ते सर्वांत आधी द्यावयास हवे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघाल्या, न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंच्या घरी त्यांना मायेचा आसरा मिळाला, आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. परंतु त्या शहरात त्यांना जी खोली मिळाली तिची शेगडी पेटविली की धूर कोंडे आणि न पेटवावी तर थंडी असह्य होई, आणि आधीच अशक्त असलेली त्यांची प्रकृती तेथे अधिकच खालावली. फेब्रुवारी १८८७ मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्या गेल्या. स्वस्त म्हणून ओलसर तळघरातील, खिडकी नसलेली, उष्णतेची सोय बेभरवशाची असलेली खोली घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ही हकीकत आठवावी. पहिले सहा महिने तरी विद्यापीठाच्याच वसतिगृहात काढावेत. बाहेरची खोली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय तिची अनामत कोणालाही पाठवू नये, कारण छायाचित्रे दाखवून पैसे उकळणारे भामटे सर्व देशांत आहेत. भाडेकरारात उष्णता व पाणी भाड्यात धरले आहे का, मुदतीपूर्वी सोडल्यास काय भरावे लागेल, हे वाचून पाहावे. आणि खोलीत शिरल्या दिवशी भिंती, नळ, गादी ह्यांची छायाचित्रे काढून मालकास पाठवावीत, म्हणजे जाताना अनामतीचा वाद होत नाही. ज्या मुलाने वर्ध्यात ४५ अंशांचा उन्हाळा सोसला आहे तो थंडीही सोसेल असे समजू नये. थंडीचे कपडे येथून भारंभार न नेता तिकडेच, तिथल्या लोकांना विचारून घ्यावेत.

पहिल्या पंधरवड्यात पोटापेक्षा कचेऱ्यांची कामे आधी करावी लागतात. जर्मनीत नव्या पत्त्याची नोंद दोन आठवड्यांत करावयाची असते आणि तिच्यावाचून पुढची बहुतेक कामे अडतात; अमेरिकेत अभ्यासक्रम सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत विद्यापीठातील अधिकाऱ्यापाशी हजेरीची नोंद व्हावी लागते; इंग्लंडमध्ये जवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवून ठेवावे लागते, आणि आजारी पडण्याची वाट पाहत बसू नये. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ ह्या व्यवस्थेत परदेशातील विद्यार्थ्यांनी आपली नोंद करावी, म्हणजे संकटसमयी वकिलातीला माणूस सापडतो. २०२२ मध्ये युक्रेनमधून विद्यार्थ्यांना परत आणावे लागले तेव्हा अशा नोंदीचे मोल देशाला कळले. आणि कोणी सरकारी अधिकारी म्हणवून दूरध्वनीवर ‘तुमच्या व्हिसात दोष आहे, आत्ता दंड भरा’ असे धमकावू लागला, तर दूरध्वनी ठेवून द्यावा आणि विद्यापीठाच्या कार्यालयात जाऊन विचारावे.

फावल्या वेळी काम करून शिक्षणाचा सारा खर्च निघतो ही समजूत मनातून काढून टाकावी. इंग्लंडमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, कॅनडात महाविद्यालयाबाहेर २४ तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास अशा मर्यादा आहेत. अमेरिकेत पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या आवाराबाहेर काम करता येत नाही. ह्या कमाईतून किराणा व भाड्याचा काही भाग सुटेल. शिक्षणशुल्क निघणार नाही. मर्यादेपलीकडे रोखीत काम देणारा मालक मजुरी बुडवितो तेव्हा विद्यार्थ्याला तक्रार करता येत नाही. भांडी घासणे, दुकानात माल लावणे ह्यांत कमीपणा मुळीच नाही, आणि हे काम करतो असे घरी निःसंकोच सांगावे. पण दोन पाळ्या करून वर्गात पेंगणारा मुलगा ज्यासाठी गेला तेच गमावून बसतो.

वर्गातील रीत निराळी असते एवढे आधी जाणून जावे. तेथे अध्यापकाला नावाने हाक मारतात आणि न समजलेले वर्गातच विचारणे हा उद्धटपणा मानीत नाहीत. भेटीची वेळ ठरवून त्याच्या खोलीत जाऊन शंका विचारणे हे विद्यार्थ्याचे कामच समजतात. दुसऱ्याचे वाक्य त्याचे नाव न देता आपल्या निबंधात घालणे ही तेथे चोरी ठरते आणि तिच्यासाठी विद्यार्थ्याला काढून टाकतात. आपल्याकडे मार्गदर्शिकेतील उत्तर पाठ करून लिहिण्याची जी सवय लागलेली असते ती जाण्यापूर्वीच मोडावी. त्यासाठी सोपा उपाय हा की शेवटच्या वर्षी आठवड्याला एक लेख वाचून त्याचा सारांश स्वतःच्या शब्दांत लिहावा आणि एखाद्या प्राध्यापकांकडून तपासून घ्यावा.

एकटेपणा येतोच, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, नवेपणा ओसरल्यावर आणि दिवस लहान झाल्यावर. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे, उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली शहरोशहरी मंडळे आहेत. गणपतीला, दिवाळीला तेथे जावे, वरण-भात खावा, आपली भाषा कानी पडू द्यावी. मात्र फक्त आपल्याच लोकांत राहिले तर परदेशी जाण्याचे प्रयोजन उरत नाही, म्हणून वर्गातील निदान दोन परक्या देशांच्या विद्यार्थ्यांशी मैत्री जोडावी, आणि स्वयंपाक ह्या कामी फार उपयोगी पडतो. झुणका-भाकर करता येणाऱ्या मुलाला मित्र मिळण्यास अडचण पडत नाही. मुलांनी, केवळ मुलींनी नव्हे, निघण्यापूर्वी वरण, भात, पोळी, एक भाजी आणि खिचडी एवढे तरी हातचे शिकून घ्यावे. झोप लागेनाशी झाली, जेवण सुटले, वर्गाला जावेसे वाटेना, तर विद्यापीठातील समुपदेशकाकडे जावे. ही सेवा बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याला विनामूल्य मिळते आणि तिचा उपयोग केल्याने व्हिसाला बाधा येत नाही.

राहता राहिले घरच्यांचे कर्तव्य. इंग्लंडचे घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते, न्यू यॉर्कचे साडेदहा आणि साडेनऊ. आपली रात्रीची निवांत वेळ ही त्याची कामाची किंवा वर्गाची वेळ असू शकते, म्हणून आठवड्यातील एक वार व वेळ ठरवून बोलावे आणि एरवी त्याने उचलले नाही तर घाबरे होऊ नये. बोलताना ‘नोकरी कधी लागणार’ आणि ‘किती पैसे साठले’ ह्या प्रश्नांनी आरंभ करू नये. काय जेवलास, कोणाशी बोललास, कोणता विषय जड जातो, असे विचारावे, आणि एखादा विषय गेला असे त्याने सांगितलेच तर पहिल्या क्षणी गप्प राहून पुरते ऐकावे, कारण पुढच्या वेळी तो सांगेल की लपवील हे त्या क्षणावर अवलंबून असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही बाजूंनी हिशेब वाचावा, त्याने तिकडचा आणि वडिलांनी कर्जाचा, व्याजाचा व पिकाचाही. बोंडअळीने कापूस गेला असेल तर तेही त्याला कळले पाहिजे. आणि कर्ज मंजूर झाल्याबरोबर, इतर कोणताही खर्च करण्यापूर्वी, परतीच्या तिकिटाएवढी रक्कम वर्ध्याच्याच बँकेत आई आणि मुलगा ह्यांच्या संयुक्त नावाने मुदत ठेवीत टाकावी, तिची पावती त्याला दाखवावी, आणि ही रक्कम मोडण्यासाठी त्याला कोणतेही कारण विचारले जाणार नाही असे आईने त्याला निघण्यापूर्वी स्वतः सांगावे.